राखाडी कोटवाल्यांचा नंबर

लाँड्रीवाला बिघडला, ही बातमी आत्याने आणली. आत्या आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते आणि मी जेवले का हे विचारण्याच्या निमित्ताने दर दोन तासांनी खाली येऊन रस्त्याचा अहवाल देते.

"बिघडला म्हणजे?"

"सकाळी आईवर ओरडला. ऐंशी वर्षांची बाई, बिचारी शर्टांच्या घड्या घालत बसलेली. तिला म्हणाला, तुझ्यामुळे माझं आयुष्य फुकट गेलं. गिऱ्हाइकांसमोर! आणि तो किल्ल्या बनवणारा. गरीब गाय होता तो. त्याने शेजारच्याची पाटी हातोडीने फोडली."

"भांडण झालं असेल."

"कशावरून? विचारलं तर दोघंही सांगतात, उगाच वाटलं म्हणून. उगाच वाटलं म्हणून मी कधी पाटी फोडलीय?"

"तू डोकं फोडतेस. ते जास्त अवघड आहे."

आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "हसलीस. चार महिन्यांनी. जाऊ दे मग ती पाटी."

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. मी दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात डोळे तपासते. दुकान आवरायला म्हणून रजा घेऊन आले, आणि मग आवरायच्या ऐवजी रजाच वाढवत गेले. दुकान लांबट आणि अरुंद आहे, तरी डोळे तपासायला लागतं तेवढं अंतर त्यात बसत नाही. म्हणून अंकांचा तक्ता खुर्चीच्या मागे, डोक्यावर लावलेला आहे, उलट्या छपाईचा. समोरच्या भिंतीवर आरसा आहे, आणि त्यात तो सुलटा वाचायचा. लहानपणी मला वाटायचं की जगातले सगळे लोक असंच पाठीमागचं पुढे बघून वाचतात.

दुपारी चारला दार उघडलं आणि राखाडी कोटवाले गृहस्थ आत आले.

मी त्यांना लगेच ओळखलं. तीस वर्षांत त्यांच्यात काहीच बदल झाला नव्हता; कोटाची इस्त्रीसुद्धा तीच असावी. ते आरशातही व्यवस्थित दिसत होते. त्या बाबतीत भुताखेतांच्या पुस्तकांनी मला चुकीची माहिती दिली होती.

त्यांनी खिशातून रुमाल काढून काउंटरवर उलगडला. आत चष्म्याचे दोन तुकडे होते.

"मास्तर कुठे आहेत?"

"वारले."

"अरेरे," ते म्हणाले. बस चुकल्यावर म्हणतात तसं.

*

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या महिन्यात आमच्या रस्त्याला काहीतरी झालं होतं. पोस्टमनने आठवडाभराची पत्रं कालव्यात टाकली. बेकरीवाल्या जुळ्या भावांनी भट्टीखोलीच्या मधोमध भिंत घातली, आणि भट्टी एकाच्याच बाजूला राहिल्यामुळे दुसरा नुसतं पीठ मळत बसायचा. माझ्या वर्गशिक्षिकेने खिडकीतल्या सगळ्या कुंड्यांत उकळतं पाणी ओतलं. आम्ही मुलं बघत होतो. त्या स्वतःही हाताकडे बघत होत्या, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

मग एका शनिवारी हे गृहस्थ आले. बाबांना म्हणाले, हल्ली जवळचं थोडं धूसर होतं. थोडंसंच. तसं दिसतं सगळं.

"चाळिशी," बाबा म्हणाले. "बसा."

"चाळिशी केव्हाच उलटली," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

बाबांनी त्यांच्या डोळ्यात छोट्या दिव्याचा झोत टाकला. माणसाच्या बुबुळात झोत टाकला की आतून तांबूस उजेड परत येतो, आणि त्यावरून न विचारताही नंबराचा अंदाज बांधता येतो. बाबांनी तीनदा झोत टाकला, दिवा तळहातावर आपटून पाहिला, स्वतःच्या बोटावर पाडून पाहिला. दिवा चांगला होता. यांच्या डोळ्यात गेलेला उजेड परतच येत नव्हता.

"मग विचारूनच करावं लागेल," बाबा म्हणाले आणि काचांची पेटी उघडली.

बाबांची एक सवय होती, तिच्यावरून आत्या त्यांना चिडवायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसून जे जे बोलेल ते कार्डावर शब्दशः लिहायचे. 'यात बरं.' 'यात तेवढंच.' 'मघाशी होतं ते परत लावा ना.' आत्या म्हणायची, दादा, तुला कुणी साक्ष नोंदवायला बसवलंय का? बाबा म्हणायचे, डोळा त्याचा आहे, मी कोण सांगणार?

मी स्टुलावर बसून हव्या त्या काचा देत होते. सकाळीच माझ्या हातून एक काच पडून फुटली होती आणि ते तुकडे मी पायाने कपाटाखाली ढकलले होते. बाबांनी ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे तपासणीच्या रिकाम्या चष्म्यात, एक काच बसवून हळूहळू फिरवली. काही काचा अशा असतात की नंबर बरोबर असला तरी त्या किती कलल्या आहेत यावर सगळं ठरतं. उभीची आडवी झाली तर नसलेली बरी. काच उभी झाली आणि ते गृहस्थ एकदम थांबले. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गळ्याखाली, हाडाच्या खळगीत, कुणी थंडगार चमचा टेकवल्यासारखं झालं.

"कपाटाखाली काय ढकललंस गं?" त्यांनी फार गोड विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"बाळ," बाबा म्हणाले, "वर आत्याकडे जा."

मी गेले. जिन्यातून वळून पाहिलं तेव्हा बाबा ती काच परत फिरवत होते.

चष्मा तयार होऊन गेला. पुढच्या आठवड्यात पत्रं यायला लागली. भावांनी भिंतीत आधी खिडकी पाडली, मग दार. बाबांनी त्या गृहस्थाचं नाव पुन्हा काढलं नाही, मीही नाही. पण मनात मी एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. माझ्या बाबांनी त्याला मुद्दाम चुकीचा चष्मा दिला. बाबांनी आयुष्यात कुणाला फसवलं असेल तर ते एकदाच, आणि तेही माझ्यासाठी. मला त्याचा अभिमान होता. आणि बाबा गेल्यावर का कोण जाणे, त्याचंच थोडं ओझं व्हायला लागलं होतं.

*

"तुमच्या वडिलांनी मला फसवलं," राखाडी कोटवाले म्हणाले. "तीस वर्षं हा चष्मा घातला. अर्थात, मला तरीही सगळं दिसत होतंच."

"मग तक्रार काय आहे?"

"काल हा पायाखाली आला. तसाच बाहेर पडलो, आणि पहिल्या फेरीतच दोन." त्यांनी दोन बोटं दाखवली. "लाँड्री आणि किल्ल्या. माझं काम बारीक नजरेचं आहे, बाई. माणसाला कुठे तडा गेलाय ते दिसलं पाहिजे. तिथून आत जाता येतं."

"आत जाऊन काय करता?"

"काही नाही. बसतो. बाकीचं माणूस आपलं आपण करतं."

ते सांगताना त्यांच्या आवाजात चांगल्या कारागिराचा शांतपणा होता.

"तीस वर्षं हातावर हात ठेवून होता?"

"छे! कामं चालूच होती. मागे अकरा महिने चौकातल्या पुतळ्यात बसलो."

"चुकून?"

"मुद्दाम. हवापालट." त्यांनी कोटाची बाही झटकली. "माझं कार्ड काढा. मास्तरांनी काय लिहिलंय ते बघू दे. फसवणूक सिद्ध झाली तर भरपाई काय घ्यायची ते मी ठरवलंय."

त्यांनी बोट माझ्या गळ्याखालच्या खळगीकडे केलं. चमचा परत टेकला.

"इथे आहे. तेव्हा केसाएवढा होता, आता हात जाईल एवढा. बिनचष्म्याचंही दिसतंय, फक्त कडा लागत नाहीत. रुग्णालय. खालच्या मजल्यावरचं कॉफीचं मशीन. दहा मिनिटं." ते पुढे झुकले. "तुम्ही वर आलात तेव्हा चादर ओढलेली होती."

हे मी आत्यालाही सांगितलं नव्हतं. आत्याला वाटतं मी बाबांचा हात धरून बसले होते.

"मला बरोबर नंबर द्या," ते म्हणाले. "नीट दिसलं की त्या दहा मिनिटांत काय झालं ते तुम्हाला सांगतो. ते काय म्हणाले. कुणाला हाक मारली. मग मी आत बसेन, पण तुम्हाला त्याचं फारसं काही वाटणार नाही. कुणालाच वाटत नाही."

मी एवढी पुस्तकं वाचली आहेत की अशा सौद्याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला पाठ होतं. पण खरं सांगायचं तर मी उठून कार्ड शोधायला गेले ते घाईने गेले.

मागच्या खोलीतले खण मी चार महिने उघडले नव्हते. बाबांचं अक्षर तिथे खच्चून भरलेलं होतं. तीस वर्षांपूर्वीच्या खणात, 'राखाडी कोट' एवढंच नाव असलेलं कार्ड सापडलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं.

'उजवा डोळा. काच आडवी: "अप्रतिम! लख्ख!" (पाचवी ओळ वाचायला सांगितली. चारही अंक चुकले. म्हणतात तक्ता चुकीचा छापलाय.) काच उभी: "छे, छे, काहीच दिसत नाही." (पण मुलीकडे बघून कपाटाखालचं बोलले.) पुन्हा विचारलं. "काही दिसत नाही म्हटलं ना. आडवीच." पाच वेळा विचारलं. पाचही वेळा तेच. माझ्या मते हा नंबर चुकीचा आहे. तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं. ऐकत नाहीत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बनवत आहे.'

खाली त्यांची सही होती, वळणदार, लफ्फेदार.

मी कार्ड परत वाचलं. माझ्या बाबांनी कुणालाच फसवलं नव्हतं. पाच वेळा विचारलं होतं! बरोबर काच डोळ्यासमोर असताना ह्या माणसाच्या तोंडून एक 'हो' निघाला नव्हता. आपल्याला कशाने नीट दिसतं हे दुसऱ्याला कळू देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. बाबांनी फक्त त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मला हसू आलं, आणि हसता हसता खणाला धरावं लागलं.

*

"ही खोटी सही आहे," राखाडी कोटवाले म्हणाले.

"इथे करून दाखवा."

त्यांनी करून दाखवली. तंतोतंत तीच. दोन्हींकडे बघून ते म्हणाले, "बघा, जराही जुळत नाही."

"साहेब, ते असो. जुना नंबर तसाही कामाचा नसतो. नव्याने तपासू. बसा."

आधी मी त्यांना कॉम्प्युटरच्या मशीनसमोर बसवलं. मशीनने तीन वेळा घरघर केली आणि चिठ्ठी बाहेर टाकली: 'रुग्णाला बसवून पुन्हा प्रयत्न करा.' मग खुर्ची, तक्ता, आरसा आणि बाबांची काचांची पेटी.

हे मला कबूल केलंच पाहिजे की मी मनापासून तपासत होते. फसवायचं नाही हे ठरलेलं होतं, पण त्यामागे नुसता प्रामाणिकपणा नव्हता. मला ती दहा मिनिटं हवी होती. बाबांनी कुणाला हाक मारली? मारली का? त्यासाठी आत कुणी येऊन बसलं असतं तरी, त्या क्षणी, मी सरकून जागा केली असती.

"पाचवी ओळ वाचा."

आरशात अंक होते सात, तीन, नऊ, चार.

"एक, आठ, दोन, सहा," ते ठणकावून म्हणाले.

"आता?" मी काच थोडी फिरवली.

"आणखी छान. एक, आठ, दोन, सहा."

"आता?"

काच उभी झाली. त्यांचे खांदे ताठ झाले. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि गळ्याखालचा गारवा नुसता टेकला नाही, तो आत शिरून कडा चाचपू लागला. मला दिसलं की त्यांना दिसतंय.

"आता कसं आहे?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

"धूसर," ते म्हणाले.

"नीट बघून सांगा."

"धूसरच आहे. मघाचं बरं होतं."

मी खुर्चीसमोर येऊन उभी राहिले. "साहेब, ऐका. तीस वर्षांपूर्वी तुम्ही इथेच चुकलात. आत्ता तुमच्या डोळ्यावर जी काच आहे ती बरोबर आहे असं मला वाटतं. तुम्ही फक्त 'हो' म्हणा. मी हाच नंबर लिहिते, तुम्हाला हवा तो चष्मा मिळतो, मला माझी दहा मिनिटं. एक शब्द."

"हं."

"हं म्हणजे हो का?"

"हं म्हणजे..." त्यांनी ओठ ओले केले. कपाळावर घाम आला. तो पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो झटकला, परत घडी घातली. "ह..." ते म्हणाले. मान होकारार्थी हलायला निघाली आणि वाटेतच तिने दिशा बदलली. "ह... ह... हल्लीच्या काचाच भिकार! काही म्हणजे काही दिसत नाही!"

"अंक वाचा."

"एक, आठ, दोन, सहा!" ते ओरडले. समोर लख्ख दिसत असलेल्या सात, तीन, नऊ, चारकडे बघत ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्यांची जवळजवळ दया आली.

आणि तिथेच मला कळलं. इतका साधा हिशेब मी चार महिन्यांच्या बधिर डोक्याने केला नव्हता. ज्याला सात म्हणजे सात म्हणता येत नाही, तो माझ्या बाबांचे शेवटचे शब्द मला काय सांगणार? मला माहीत आहे तिथवर, कॉफीच्या मशीनपर्यंत, बरोबर नेऊन सोडेल. त्यापुढे जे सांगेल ते एक, आठ, दोन, सहा. आणि मी ते आयुष्यभर खरं धरून बसेन. तो आत बसतो म्हणजे हेच करत असणार. लाँड्रीवाल्यालाही काहीतरी सांगितलं असेलच.

ती दहा मिनिटं कुणाकडेच नव्हती. मी नव्हते तिथे. बस, एवढंच होतं.

गारवा गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याला कडा सापडेनात. ते आरशातून परत परत बघत होते आणि गोंधळत होते.

"तिथे तडा होता," ते म्हणाले.

"आहे अजून. बाबा गेले तेव्हा मी खाली कॉफी घेत होते. ते काय म्हणाले मला माहीत नाही. कधीच कळणार नाही." पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, आणि जिन्यावर काहीतरी वाजलं. आत्या अर्ध्या पायऱ्यांवर उभी होती. ऐकलं होतं तिने.

आत्या एक क्षण गप्प राहिली. आत्या एक क्षण गप्प राहिल्याची आमच्या घरात ही एकच नोंद आहे. मग खाली येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि खुर्चीतल्या गृहस्थांना म्हणाली, "अहो, तुम्हाला दिसत नाही का, पोरगी थकलीय? कोणता नंबर हवा तो एकदाचा सांगा आणि उठा."

"आडवी," ते दात आवळून म्हणाले. "आडवीच अप्रतिम होती."

मी लिहिलं. 'काच आडवी: "अप्रतिम."' खाली लिहिलं, माझ्या मते हा नंबर चुकीचा आहे, तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं. कार्ड त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते वाचलं, निदान वाचल्यासारखं केलं, आणि झोकात सही ठोकली. फ्रेम निवडायला मात्र पाऊण तास घेतला. शेवटी कासवाच्या पाठीच्या रंगाची घेतली.

गुरुवारी ते चष्मा न्यायला आले. काचा मी स्वतः घासल्या होत्या, दोनदा तपासल्या होत्या. त्यांनी मागितलं त्याच्यात केसाचाही फरक नव्हता. चष्मा लावून त्यांनी आरशात पाहिलं.

"लख्ख!" ते म्हणाले. "मास्तरांपेक्षा तुमचा हात चांगला आहे." मग वळून कोट टांगायच्या उभ्या स्टँडला वाकून म्हणाले, "येतो, आत्याबाई."

"या," आत्या दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाली.

ते बाहेर पडले, रस्त्याच्या मधोमध थांबले, दोन्हीकडे मोठ्या रुबाबात पाहिलं आणि समोरच्या पत्रपेटीत शिरले. म्हणजे पेटीजवळ गेले आणि मग नव्हते. पेटी जराशी थरथरली, इतकंच. आत्याला मी एव्हाना सगळं सांगितलं होतं; तिने मान डोलावली. "तिथे बसू दे. हल्ली कोण पत्रं लिहितं?" मग ती लाँड्रीकडे गेली, तिथलं काय निवळलंय ते बघायला.

मी काउंटरच्या मागे बसले. काचा पुसायचा कपडा हातात होता, आणि एकदम, काही सूचना न देता, मला रडू फुटलं. पुस्तकातल्यासारखं नाही. नाक गळणारं, उचक्या लागणारं, कुरूप रडू. बाबा गेल्यापासूनचं पहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि बस चालवणारी एक बाई गणवेशातच आत आली, चष्म्याची एक काडी हातात धरून.

"स्क्रू ढिला झालाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अं... होऊ द्या तुमचं."

"नाही, नाही, द्या इकडे." मी हात पुढे केला, पण उचकी थांबेना.

"होऊ द्या हो," असं म्हणून ती खुर्चीत बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी गाडी सव्वापाचला आहे."

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती आरशातला तक्ता वाचत बसली, आणि मी रडत राहिले.